एकतीस नंबरचा खिळा

नाही, नाही — तिथं नको अडकवूस. इकडे आण, टेबलावर ठेव. हां. खिळ्याला नको, एवढंच. रागावलो नाही मी, रागवायला आवाज लागतो, तो माझ्याकडे कधीच नव्हता. फक्त तो खिळा रिकामा असतो. बाकीच्या एकोणचाळीसांवर बिल्ले आहेत, त्या एकावर नाही, हे तू दारातून आत येतानाच पाहिलंस आणि सरळ तिकडे निघालीस — नजर चांगली आहे तुझी. बस. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बस. किती वाजले तुझ्या घड्याळात? सव्वातीन. मग आहे वेळ. चार वाजता मात्र तू इथं नसलीस तर बरं, का ते सांगतो. सावकाश सांगेन हं, मला भरभर बोलता येत नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, ह्याचं वाक्य संपेपर्यंत तास संपतो. चौथीत सोडली शाळा, त्यांचीही सुटका झाली.

बघू जरा. हो, हाच. पितळ काळवंडलंय, पण आकडा बघ, एकतीसमधला एक जरा तिरपा आहे. तो मी ठोकलाय. आकड्यांचे लोखंडी ठसे असतात, वर हातोडी मारायची — तीनवर नीट बसली, एकवर हात हलला. थोरला म्हणाला होता, राहू दे, एक म्हणजे नुसती काडी, काडी तिरपी असली तर काय बिघडतं. थोरला म्हणजे माझा मोठा भाऊ. तर हा तुला वडिलांच्या खणात सापडला. चष्म्याच्या घरात, कापसात गुंडाळून — अरे वा. जपला होता म्हणायचा. आणि वडील कधी गेले? दोन महिने. घरीच? झोपेत. उशाशी कोण होतं? तू आणि तुझा भाऊ, दोघंही. छान. वय काय होतं? ब्याऐंशी. भरलं म्हणायचं आयुष्य. रडू नकोस, पोरी. किंवा रड, मला काही अडचण नाही, इथं येणारे बहुतेक हसतच येतात. माझा थोरला एकोणचाळीसाव्या वर्षी गेला. उशाशी कोणी नव्हतं, उशीच नव्हती. आणि तो गेला तो हा बिल्ला तुझ्या वडिलांच्या खणात होता म्हणून.

थांब. उठू नकोस. एवढ्या लांबून बस बदलत आलीस, खाऊचा डबा आणावा तसा हा घेऊन आलीस, वडिलांना ही जागा फार आवडली होती हो, असं सांगितलंस — मग ऐकूनच जा. तुझं दुःख ताजं आहे ना, त्यात हे मिसळून जाईल, वेगळं जाणवणार नाही. नंतर कळलं असतं तर वेगळं जाणवलं असतं.

हे असं होतं बघ. आता फाटकावर यंत्र आहे, मोबाइल दाखवला की दांडा बाजूला होतो. मला ह्या फळीपुढे बसवलंय ते लोकांना दाखवायला, अवशेषांतला एक अवशेष. पण तेव्हा यंत्र म्हणजे मी. वर टेकडीवर ते पडके वाडेबिडे, मनोरा, बिनछपराचं स्वयंपाकघर, आणि खाली हे सगळं जंगल — पायवाटा तीन, आणि आत गेलेलं माणूस कुठल्या वाटेनं कुठं बसलंय ते देवालाही दिसायचं नाही. म्हणून बिल्ले. आत जाणाऱ्या घोळक्याला एक बिल्ला, मग माणसं दोन असोत की नऊ. मी वहीत लिहायचं, बिल्ला अमुक, पुरुष एक, बायका दोन, पोरं तीन. नावं नाही लिहायची, कोण नावं विचारणार. परत येताना बिल्ला माझ्या हातात द्यायचा, मी खिळ्याला लावायचा. संध्याकाळी फळी भरलेली असली की जंगल रिकामं. एक खिळा रिकामा असला की जंगलात माणूस. मग थोरल्यानं बत्ती आणि शिट्टी घेऊन वर जायचं. साधी गोष्ट. चौथी पास माणसाला जमेल अशी, आणि मला जमायची, एकवीस वर्षं एकदाही चुकली नाही. मी फळी राखायचो, तो वाटा राखायचा. मी वर कधी गेलो नाही, गेलो असेन दोनदा-तीनदा, मला चढ सोसत नाही. थोरल्याला ह्या टेकडीचा दगड न् दगड पाठ. लोक विचारायचे, राखणदार कोण? तो छातीवर हात ठेवायचा, म्हणायचा, जंगलाचा मी. आणि हा खिळ्यांचा. खिळेमास्तर. सगळे हसायचे. मीही हसायचो, लोकांपुढे न हसून कसं चालेल.

त्या दिवशी धुकं होतं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते, म्हणून थोरला नवे बूट घालून फिरत होता, पायात मुरावेत म्हणून. माणसं थोडीच आली. पाच वाजता फळी भरली, एक सोडून. एकतीस. वहीत लिहिलेलं, पुरुष एक, मुलगी एक. थोरला मागचं कुंपण बघून आला, त्यानं फळीकडे पाहिलं आणि विचारलं, एकतीस? मी म्हणालो, आले नाहीत अजून. तो गेला. सकाळी सापडला — वरच्या स्वयंपाकघराखाली तळघर आहे, त्याचं तोंड पाल्यानं भरलेलं असतं, त्यात. मांडीचं हाड मोडलं होतं आणि खाली गुडघाभर पाणी. आणि एकतीस नंबरवाला, तो तर कधीच निघून गेला होता. पडक्या भिंतीवरून, आडवाटेनं, बिल्ला खिशात टाकून. मौज म्हणून. असं मी चौकशीत सांगितलं, तसं कागदावर आहे. पाहुणा बिल्ला घेऊन आडवाटेनं पळाला, राखणदार त्याला शोधताना मेला. तुझे वडील, पोरी. छत्तीस वर्षं त्या माणसाला इथं चेहरा नव्हता, नुसता आकडा होता. आज तू चेहरा घेऊन आलीस. कपाळ त्यांचंच आहे तुझं.

चार का म्हणतो ते सांगतो आता. चार वाजता वहिनी येते. थोरल्याची बायको. थर्मासमध्ये चहा आणते, अजूनही, गुडघे दुखतात तरी. त्या दारात उभी राहते — तिथं, तो उंबरा झिजलाय बघ — आणि चहाच्या आधी फळीकडे बघते. मग विचारते, आला का एकतीस? मी म्हणतो, नाही. मग ती त्या माणसाला एक वाक्य बोलते. रोज नवं असतं. पूर्वी फार वाईट असायचं, त्याची पोरं त्याच्यादेखत जावोत, असलं. आता वय झालंय, आता म्हणते, त्याला रात्री पाय वळू देत. काल म्हणाली, त्याच्या चहात माशी पडो. आणि मग आम्ही चहा पितो. नवा बिल्ला मी केव्हाच ठोकला असता, पितळ होतं, ठसे होते. तिनं करू दिला नाही. म्हणाली, भाऊजी, तो खिळा तसाच राहू दे, तो जेव्हा येईल तेव्हा मला कळायला हवं. तर मी राहू दिला. एका घरात राहतो आम्ही, ती स्वयंपाक करते, मी लाकडं फोडतो, कपडे वाळत घालतो, गुडघ्याला तेल देतो वाटीत गरम करून. छत्तीस वर्षं. बाहेरची माणसं काहीबाही बोलली, मग बोलायची थांबली, तसलं काही नाही. एकच शत्रू आहे आम्हाला, दोघांत एक. पुरतो. पुष्कळ पुरतो, तुला सांगतो, नवराबायकोत प्रेम पुरत नाही इतका.

म्हणून तू निघून जा. हा बिल्ला ने परत. तुला मुलं आहेत? एक मुलगा. त्याला दे, सांग आजोबांची आठवण. वहिनीला तू दिसलीस तर — तिला काय करावं कळणार नाही. ती मनातल्या मनात त्या माणसाला मारून मारून म्हातारी झालीय, त्याच्या लेकीचे डोळे असे ओले असतील हे तिच्या हिशेबात नाही. तिला तुझी दया आली तर? मग काय राहिलं तिच्याकडे. तिच्याकडून एवढं काढून घेऊ नकोस. तुझ्या वडिलांनी घेतलं तेवढं पुरे.

काय म्हणालीस?

तू होतीस बरोबर. ती मुलगी, वहीतली. हो — असणारच की, मला सुचलं नाही, आकडा आकडाच राहतो बघ, तो मोठा होईल, त्याचे केस पिकतील असं वाटत नाही. म्हणजे तेव्हा तू पाच वर्षांची. आणि आठवतं काय? नुसती मुठीतली गार वस्तू. बाकी काही नाही. बरोबर आहे, पाचव्या वर्षी काय आठवणार. पण मग नीट ऐक, पोरी, मी हे प्रेमानं सांगतो, कारण कोणीतरी सांगायलाच हवं — वडिलांच्या खिशात नव्हता म्हणजे हा. तुझ्या मुठीत होता. वडिलांना उगीच बोललो मी इतका वेळ, मेलेल्या माणसाला. एक माणूस रात्रभर पाण्यात पडून होता आणि त्याचं कारण एका पोरीच्या मुठीत होतं, ऊब घेत. तुझा काय दोष, तू लहान. पण मूठ तर तुझीच ना. घट्टही केवढी. ती लाल लोकरीची टोपी, कानावर येणारी, नाक वाहतंय, आणि इथं टेबलापुढे उभी राहून बोटं उघडायला तयार नाही. वडील एकेक बोट सोडवताहेत आणि एक सोडवलं की दुसरं मिटतंय, आणि तू अशी रडत होतीस की त्या खिडकीची काच — मी म्हटलं, राहू द्या हो साहेब —

काय?

इथं म्हणजे… आत जाताना असेल. आत जाताना. बिल्ला आत जातानाच देतो ना आपण.

नाही. बरोबर आहे तुझं. आत जाताना कोणी परत मागत नाही.

पाणी पिणार? तांब्या मागे आहे. नको. बरं. असं बघू नकोस माझ्याकडे, मी म्हातारा माणूस आहे. काय फरक पडतो सांग, आत जाताना की बाहेर पडताना. पाच वाजायच्या आधी आलात तुम्ही. थोरला मागच्या कुंपणाला होता. वडील म्हणाले, हात लावू देत नाही हो, किती समजावलं. आणि मी खाली वाकून तुला म्हणालो, ठेव बाळ, तुला हवा ना, ठेव. रडू लगेच बंद. माझ्याकडे बघून हसलीस, दात नव्हता पुढचा. वडिलांनी हात जोडावेत तसे आभार मानले. मला वाटलं होतं, संध्याकाळी घरी जाऊन दुसरा ठोकतो, साहेबांना काय कळतंय. चांगलंच केलं ना मी? विचार कोणालाही, लहान पोराला एक पितळेची चकती दिली, ह्यात वाईट काय आहे. आयुष्यात चार-पाच चांगल्या गोष्टी केल्या असतील, त्यातली ही एक.

मग थोरला आला आणि विचारलं, एकतीस?

आदल्या दिवशी घरी पाहुणे आले होते. माझ्यासाठी, मुलीकडचे. चौतीस वर्षांचा होतो, ते शेवटचंच स्थळ, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, मुलगा काय काम करतो? मी तोंड उघडलं, माझं वाक्य जमेपर्यंत थोरला म्हणाला, तो चाळीसपर्यंत मोजतो. एक्केचाळिसावी गोष्ट आली की मला हाक मारतो. पाहुणे हसले, ते हसणारच. पण वहिनीही हसली. हातात वाढायचा डाव होता, तो तोंडावर धरून हसली, मला दिसू नये म्हणून. तेच वाईट, बघ. उघड हसली असती तर मीही हसलो असतो. पाहुण्यांचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. नको म्हणून. आणि दुपारी तू आलीस टोपी घालून, आणि मग थोरल्यानं विचारलं, एकतीस? आणि मी म्हणालो, आले नाहीत अजून.

थट्टा होती गं. त्याला नव्या बुटांनी टेकडी चढवायची, धुक्यात, आणि खाली आला की विचारायचं, काय जंगलाच्या राखणदारा, मोजता येतं का तुला? हे वाक्य मी मनात चारदा म्हणूनही पाहिलं, अडखळू नये म्हणून. एवढंच करायचं होतं. थट्टेनं कोणी मरतं? तो म्हणाला, मोठा माणूस आहे, येईल की, जरा वेळ बघू. बूट चावत होते त्याला. तेव्हा मी म्हणालो, बरोबर पोर आहे. लहान. रडत होती आत जाताना. मग तो थांबला नाही. त्यांना मूल नव्हतं, थोरल्याला आणि वहिनीला, आणि पोर म्हटलं की त्याचं असं व्हायचं — दोरही घेतला नाही, बत्ती आणि शिट्टी घेतली आणि धावत सुटला. नुसता पुरुष शोधायचा असता तर तो वाटेवाटेनं गेला असता, मनोऱ्यापाशी दोन हाका मारल्या असत्या आणि परत. पण लहान पोर कुठं शिरेल? कोनाड्यात शिरेल, पाल्यात शिरेल. तळघराचं तोंड त्याला माहीत नव्हतं असं नाही. पोर पडलं असेल म्हणून वाकून बघायला गेला. आता मला कळतं. तेव्हा नाही कळलं.

जायचंय ना तुला? जा की. मी धरून ठेवलं नाही. मागच्या फाटकानं जा, बस तिथंही थांबते, पावणेचारला आहे एक. काय — मग का नाही गेलो? कुठं? वर? कसा जाणार, मला काय माहीत तो पडलाय ते. शिट्टी तर मला वाटलं तो —

हं.

शिट्टीचं म्हणजे असं, की नियम होता. एक लांब म्हणजे ठीक आहे, येतोय. तीन तुटक म्हणजे माणसं पाठवा. सहाला वहिनी आली, तेव्हाही ती ह्याच वेळी थर्मास घेऊन यायची, नाही, तेव्हा सहाला यायची, बंद करताना, तिघं बरोबर घरी जायचो. मी कुलूप लावत होतो आणि वरून आलं. तीन. थांबून परत तीन. वहिनी म्हणाली, भाऊजी, शिट्टी का? मी म्हणालो, नाही, पक्षी आहे. ह्या दिवसांत ओरडतो संध्याकाळचा. कारण मला वाटलं त्याला कळलंय. मी बोललो तेव्हा माझा चेहरा त्यानं पाहिला असेल, वर जाऊन डोकं चाललं असेल त्याचं, आणि आता तो माझ्यावर उलटवतोय, मला धापा टाकत वर बोलावतोय, आणि मी गेलो की कोपऱ्यामागून निघेल आणि म्हणेल, एक्केचाळीस! म्हणून गेलो नाही. घरी गेलो. जेवण गरम होतं. थोरल्याचं निवतंय, तो आला की त्याला ताजं करीन, म्हणून वहिनीनं त्याच्या वाटचंही मलाच वाढलं. जेवलो मी. मग ती म्हणाली, बघून या हो. तेव्हा कंदील घेऊन निघालो आणि इथवर आलो, ह्या खुर्चीत बसलो, तू बसलीस त्याच. अजून येत होती वरून. तीन. तीन. मी मोजत होतो, मोजता येतं मला. आता वर गेलं म्हणजे तो जिंकला, असं होतं. मग बंद झाली. मला वाटलं, कंटाळला. मी जिंकलो. इतका हलका झालो होतो मी, पोरी, तुला खरं सांगतो, लग्न ठरलेल्या माणसासारखा.

डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत असावा. शिट्टी दातांत होती. ती काढायला त्रास झाला, तुझ्या मुठीसारखाच.

वहिनीनं शिट्टीचं नंतर कधी विचारलं नाही. एकदाच, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, अंगणात कपडे काढत होतो, संध्याकाळ होती, ती म्हणाली, भाऊजी, तुमचा तो पक्षी पुन्हा कधी ओरडला नाही हो. एवढंच. टॉवेलची घडी घालत म्हणाली. मी म्हणालो, जात असतील दुसरीकडे. ती म्हणाली, असेल. आणि दुसऱ्या दिवशी चारला आली, आणि विचारलं, आला का एकतीस? मी म्हणालो, नाही. मग ती बोलली काहीतरी त्या माणसाला. त्या दिवशीचं वाक्य मात्र आठवतंय मला. म्हणाली, त्याला खूप आयुष्य मिळो.

किती वाजले? दहा कमी? मग ऊठ. ऊठ ना, बाळ. घे हा, घे हातात, आता मूठ मीट, जमायची तुला. कोणाला सांगू नकोस. तुझ्या वडिलांचं काय, ते गेले, चांगले गेले, दोन पोरं उशाशी. त्यांना काही कळलं नाही, माशी कधी पडलीच नसेल त्यांच्या चहात. चोर म्हटलं म्हणून त्यांचं काय कमी झालं? माझ्याकडे एवढी फळी आहे आणि चारचा चहा आहे. किती दिवस आहेत तिचे, माझे? थोडे. तेवढे जाऊ देत असेच. तू चांगल्या घरची आहेस, तुझ्या वडिलांनी कापसात गुंडाळून ठेवलं होतं, म्हातारा कनवाळू होता म्हणून सांगितलं असेल तुला कधीतरी. तो मीच ना. त्याच्यासाठी म्हणून जा.

दार तिकडे आहे. इकडे नाही.

इकडे कुठं — अगं, नको. नको गं तिथं. मी पाया पडतो हवं तर, ह्या वयात, बघ, उठतोय मी, उठायला वेळ लागतो मला, थांब. वडिलांचं नाव असं धुवायचंय का तुला, एका बाईची रोजची गोष्ट मोडून? तिनं काय केलंय तुझं? हसली होती ती एकदा, तेवढंच. हात खाली घे. मी आणखी सांगेन, हवं ते सांगेन, तो खिळा सोडून दे —

ऐकलंस, कसा आवाज झाला. पितळ लोखंडावर. छत्तीस वर्षं झाली, विसरलो होतो मी, प्रत्येक बिल्ल्याचा निराळा असतो.

आता काढ तो. अजून वेळ आहे, ती जिन्याजवळ थांबते जरा, गुडघे —

वहिनी.

केव्हा आलात? आत या की, थर्मास ठेवा तो, जड आहे. उंबऱ्यात कशाला उभ्या. ह्या बाई… जुनी जागा बघायला आल्या होत्या. बोलत बसलो होतो आम्ही.

आज विचारलं नाहीत, वहिनी.

तुम्ही निघा आता, बाई. बघून झालंय तुमचं. आणि जाताना दार ओढून घ्या.